थंडी उताराने वाहते

१९२६ सालापर्यंतच्या नकाशांवर इंदिगिर्का नदीच्या मधल्या टप्प्यात सखल प्रदेश दाखवलेला असे. ईशान्य सायबेरियातली ही नदी दक्षिणेच्या डोंगरांतून निघते आणि १,७२६ किलोमीटरचा प्रवास करून आर्क्टिक महासागराला मिळते. मधे तिच्या दोन्ही काठांना मोकळी सपाटी आहे, असं नकाशा सांगायचा. प्रत्यक्षात त्या जागी सुमारे दीड हजार किलोमीटर लांबीची पर्वतरांग उभी आहे. एक धार संपली की दुसरी, तिच्यामागे तिसरी.

हे साल पुन्हा एकदा पाहा. १९२६. दक्षिण ध्रुवावर माणूस पोहोचून दीड दशक होत आलं होतं. एव्हरेस्टच्या उतारावर मॅलरी आणि अर्विन हरवून दोन वर्षं झाली होती. पृथ्वीवरचे मोठे पर्वत मोजून संपले असं भूगोलाचे अभ्यासक मानू लागले होते, आणि तेव्हाही कॉकेशसहून जास्त जागा व्यापणारी ही रांग नकाशावर नव्हती. आज तिला चेर्स्की पर्वतरांग म्हणतात.

नकाशांचं वेड मला लहानपणापासून आहे. पण या रांगेइतकं मला कशानेच धरून ठेवलेलं नाही. मी तिथे गेलेले नाही, आणि जाणं होईल असंही वाटत नाही. तरी रात्री उपग्रहाची चित्रं उघडून त्या दऱ्यांवरून बोट फिरवत बसते. हळूहळू एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. या पर्वताचा आकार दगडाने ठरवला असेल, पण त्याचा सगळा भूगोल ठरवला आहे थंडीने. नद्या कशा वाहाव्यात, झाडांनी किती वाढावं, बर्फ कुठे साचावा, माणसाने कधी चालावं आणि कधी थांबावं, इतकंच काय, ही रांग इतकी वर्षं कोणाच्या नजरेला का पडू नये, हेही थंडीनेच ठरवलं.

आधी तिची जागा सांगते. लेना नदीच्या पूर्वेला वेर्खोयान्स्क पर्वताची मोठी कमान आहे. त्या कमानीच्या आत, आणखी पूर्वेला, वायव्येकडून आग्नेयेकडे तिरकी जाणारी चेर्स्की रांग. तिचा बहुतेक भाग साखा म्हणजे याकुतिया प्रजासत्ताकात येतो, आग्नेयेचं टोक मागादान प्रांतात. सगळ्यात उंच शिखर पोबेदा. दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास दिलेलं, विजयाचं नाव. जुन्या नकाशांवर त्याची उंची ३,१४७ मीटर छापलेली सापडते; आता ती ३,००३ मीटर धरतात. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पटही नाही. हिमालयाची सवय झालेल्या डोळ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण या रांगेचं मोठेपण उंचीत नाहीच.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण शोधायला गेलात तर गोंधळ होईल. बैकल सरोवराच्या पूर्वेला, चिता शहराजवळही एक चेर्स्की रांग आहे. तीही त्याच माणसाच्या नावाची. मी बोलते आहे ती इंदिगिर्का आणि कोलिमा या नद्यांकडची, मोठी रांग.

आता १९२६ ची गोष्ट. सर्गेई ओब्रुचेव हा पस्तिशीचा भूवैज्ञानिक. वडील व्लादिमीर ओब्रुचेव हेही सायबेरियाचे नामवंत भूवैज्ञानिक, त्यामुळे घरातच हा विषय. याकुत्स्कमध्ये एक बातमी पोहोचली होती: यादवी युद्धात हरलेल्या श्वेत सैन्यातला एक अधिकारी प्लॅटिनमची बाटली घेऊन आला होता आणि ते इंदिगिर्काच्या चिबागालाख नावाच्या उपनदीत सापडल्याचं सांगत होता. त्या प्लॅटिनमच्या शोधात ओब्रुचेवची तुकडी घोड्यांवर सामान लादून निघाली. सोबत कॉन्स्टंटिन सालिश्चेव हा तरुण होता, ताऱ्यांवरून जागेचे अक्षांश-रेखांश काढणारा. हाच सालिश्चेव पुढे जगातल्या मोठ्या नकाशाशास्त्रज्ञांत गणला गेला आणि १९६८ साली आंतरराष्ट्रीय नकाशाशास्त्र संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याच्या कामाची खरी सुरुवात या वाटेवर झाली असं मला वाटतं. हातातला नकाशा चुकीचा आहे हे पावलापावलाला कळत असताना नवा नकाशा काढत जायचा, याहून चांगली शाळा कुठली?

वेर्खोयान्स्क पर्वत ओलांडला की सपाटी लागेल, अशी त्यांची अपेक्षा होती. सपाटी आलीच नाही. एक रांग चढून उतरले तर पुढे दुसरी, तीही पहिल्याहून उंच. दऱ्या खोल, वर टोकदार शिखरं, नदीला अरुंद घळीतून वाट काढावी लागलेली. प्लॅटिनम काही मिळालं नाही. सोन्याच्या खुणा मात्र मिळाल्या, आणि त्या खुणांनी पुढे काय आणलं ते सांगणारच आहे. ओब्रुचेवने परतल्यावर या रांगेला चेर्स्कीचं नाव सुचवलं आणि रशियाच्या भौगोलिक संस्थेने ते मान्य केलं.

इतकी मोठी रांग आधी कोणी पाहिलीच नव्हती का? पाहिली होती. साखा लोक तिच्या खोऱ्यांत घोडे आणि गुरं राखत होते, एवेन लोक रेनडिअरचे कळप घेऊन तिच्या खिंडींतून जात-येत होते. प्रत्येक धारेला, प्रत्येक ओढ्याला त्यांनी दिलेलं नाव होतं, आणि आजच्या नकाशावरही बहुतेक तीच नावं आहेत: उलाखान-चिस्ताय, तास-किस्ताबित, मोमा. तिथे सतराव्या शतकापासून रशियन कोसॅक आणि व्यापारीही जात होते. पण बाहेरच्या माणसाची वाट ठरलेली असे. हिवाळ्यात, गोठलेल्या नदीच्या पाठीवरून किंवा दरीच्या तळातून. तेव्हा दिवस चार-सहा तासांचा, हवेत गोठलेलं धुकं, आणि सगळं लक्ष पुढच्या मुक्कामाकडे. उन्हाळ्यात दलदल आणि डास. अशा प्रवासात माणूस समोरची खिंड पाहतो, डोंगरांची दिशा पाहत नाही. नकाशा काढणाऱ्यांपर्यंत पोहोचल्या त्या खिंडींच्या सुट्या नोंदी आणि ऐकीव गोष्टी. त्या एका ओळीत मांडायला कोणीतरी थांबायला हवं होतं.

तसा एक माणूस थांबला होता. ओब्रुचेवच्या पस्तीस वर्षं आधी.

यान चेर्स्की, रशियन कागदपत्रांत इव्हान चेर्स्की, याचा जन्म १८४५ सालचा, आजच्या बेलारूसमध्ये. पोलिश-लिथुआनियन कुळातला. रशियाच्या झारविरुद्ध १८६३ साली जो उठाव झाला त्यात हा शाळकरी वयाचा मुलगा सामील झाला, पकडला गेला, आणि साधा शिपाई म्हणून ओम्स्कला हद्दपार झाला. बराकीत राहून, मिळतील ती पुस्तकं वाचून तो भूगर्भशास्त्र आणि प्राण्यांची हाडं शिकला. विद्यापीठाचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. १८७१ साली त्याला इर्कुत्स्कला जायची परवानगी मिळाली. तिथे त्याच्यासारखेच हद्दपार झालेले दोन पोलिश संशोधक आधीपासून काम करत होते, चेकानोव्स्की आणि दिबोव्स्की. सायबेरियाच्या विज्ञानाचा केवढा भाग शिक्षा भोगणाऱ्या माणसांनी उभा केला आहे, हे कळल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते. ज्या राज्याने यांना घराबाहेर काढलं, त्याच राज्याची जमीन यांनी मोजून दिली.

चेर्स्कीने बैकलचा किनारा चालून आणि होडीतून फिरून अभ्यासला आणि त्याचा भूगर्भीय नकाशा काढला. १८७९ साली इर्कुत्स्कला मोठी आग लागली; तिथलं संग्रहालय जळालं आणि त्यात बरीच वर्षं जमवलेले संग्रहही गेले. शिक्षा माफ झाल्यावर तो सेंट पीटर्सबर्गला आला आणि विज्ञान अकादमीत हिमयुगातल्या प्राण्यांच्या हाडांवर काम करू लागला. मॅमथ, केसाळ गेंडे, जंगली घोडे, गवे. ही हाडं उत्तरेच्या बेटांवरून आणि नद्यांच्या काठांवरून आली होती. ती जिथून येतात ती जमीन स्वतः पाहायची, म्हणून १८९१ साली त्याने कोलिमा, इंदिगिर्का आणि याना या तीन नद्यांच्या मोहिमेची जबाबदारी घेतली. वय शेहेचाळीस, छातीचा क्षय. बरोबर बायको माव्रा पाव्लोव्हना आणि बारा वर्षांचा मुलगा.

याकुत्स्कहून ओयम्याकोन आणि तिथून वेर्खनेकोलिम्स्क अशी त्यांची वाट होती. ही वाट आजच्या चेर्स्की रांगेला आडवी छेदून जाते. एकामागून एक तीन मोठ्या धारा त्याने ओलांडल्या आणि त्याच्या लक्षात आलं की जुन्या नकाशांनी या डोंगरांची दिशा चुकवली आहे. ते दक्षिणोत्तर नाहीत, वायव्येकडून आग्नेयेकडे जातात. एकाच वाटेवरून गेलेल्या, खोकल्याने बेजार झालेल्या माणसाने खडकांचे कल मोजून हे ओळखलं. पस्तीस वर्षांनी ओब्रुचेवला दिसलं ते याचंच उरलेलं चित्र.

तो हिवाळा त्या कुटुंबाने वेर्खनेकोलिम्स्कमध्ये काढला. आता एक तारीख. वेर्खोयान्स्कच्या हवामान केंद्रावर शून्याखाली ६७ अंशांच्या पुढचं जे तापमान नोंदलं गेलं, ज्यामुळे शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातून त्या गावाचं नाव आपल्यापर्यंत आलं, ते फेब्रुवारी १८९२ चं. म्हणजे तोच हिवाळा. कोलिमाच्या काठी लाकडी घरात हा क्षयाचा रोगी नोंदवह्या लिहीत होता, आणि त्याने नुकत्याच ओलांडलेल्या रांगेच्या पलीकडे पृथ्वीवरच्या सगळ्यात थंड नोंदींपैकी एक नोंद होत होती.

वसंतात प्रकृती आणखी ढासळली. आपण वाचणार नाही हे त्याने ओळखलं होतं. नदी मोकळी झाली की मोहीम होडीने खाली निझनेकोलिम्स्कपर्यंत गेलीच पाहिजे, आपण वाटेत गेलो तरी, आणि तेव्हा नेतृत्व माव्राने करायचं, असं त्याने लिहून ठेवलं. जुलै १८९२ मध्ये, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे जूनअखेर, ओमोलोन नदी कोलिमाला मिळते त्याच्या आसपास होडीतच त्याने प्राण सोडला. माव्राने त्याला तिथे काठावर पुरलं आणि होडी पुढे नेली.

माव्राबद्दल मला फार वाटतं. इर्कुत्स्कमध्ये चेर्स्की ज्या घरी राहायचा त्या घरमालकिणीची ही मुलगी. लग्नाआधी जेमतेम अक्षरओळख. नवऱ्याने शिकवलं, आणि ती वनस्पती सुकवायला, प्राणी नोंदवायला, रोजनिशी ठेवायला शिकली. त्या शेवटच्या आठवड्यांत तिने रोगी सांभाळला, मूल सांभाळलं आणि हवामानाची, पक्ष्यांची, काठांची नोंदही चालू ठेवली. नवरा गेल्यावर ती परत फिरली असती तर कोणीही तिला बोल लावला नसता. तिने ठरलेलं अंतर पुरं केलं आणि संग्रह अकादमीच्या हवाली केले. चेर्स्कीच्या नावाने दोन पर्वतरांगा आहेत, बैकलच्या काठी शिखर आहे, कोलिमाच्या तोंडाशी एक वस्तीही आहे. ही नावं वाचताना मी मनात तिचंही नाव धरते.

आता थंडीकडे येते. तिच्याशिवाय या रांगेबद्दल बोलणं पुरं होत नाही.

आपल्याकडे वर जावं तसं गार होतं. महाबळेश्वरला शाल लागते, वाईत लागत नाही. चेर्स्की रांगेत हिवाळ्यात हे उलटं असतं. नोव्हेंबरपासून या भागावर प्रचंड प्रत्यावर्त, म्हणजे हवेच्या जास्त दाबाचा पट्टा, ठाण मांडतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, सूर्य क्षितिजावर जेमतेम डोकं काढणारा. बर्फाचा पृष्ठभाग जमिनीतली उष्णता आकाशात सोडून देत राहतो आणि त्याला लागून असलेली हवा गार होत जाते. गार हवा जड. ती उताराने खाली सरकते आणि डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात साचते. बाहेर जायला वाट नाही, ढवळायला वारा नाही. मग खोऱ्याच्या तळाशी शून्याखाली पन्नास अंश असताना वरच्या उतारावर हवा कितीतरी सौम्य असते. १९५० च्या दशकाच्या शेवटी सुंतार-खायाता या शेजारच्या रांगेत दोन हजार मीटरच्या वर, हिमनदीच्या कडेला हवामान केंद्र चालवलं गेलं. तिथला हिवाळा खालच्या ओयम्याकोनपेक्षा उबदार निघाला. हिमनदीशेजारी ऊब आणि गावात गारठा!

ओयम्याकोन असंच एक खोरं आहे, साधारण ७४० मीटर उंचीवरचं, चहूबाजूंनी बंद. १९२६ च्या मोहिमेचा परतीचा प्रवास हिवाळा लागता लागता या खोऱ्यातून झाला. शून्याखाली ३९ अंशांच्या आसपास पारा गोठतो, त्याच्याखाली पाऱ्याचा थर्मामीटर निरुपयोगी. ओब्रुचेवने तो अनुभव घेतला. इथली थंडी वेर्खोयान्स्कहूनही कडक असणार, असा तर्क त्याने खोऱ्याच्या आकारावरून मांडला. पुढे तिथे केंद्र सुरू झालं आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये वेर्खोयान्स्कच्या बरोबरीचं तापमान नोंदलं गेलं. गावात एक स्मारक आहे, त्यावर उणे ७१.२ असा आकडा आहे. तो मोजलेला आकडा नव्हे, ओब्रुचेवच्या अंदाजावरून आलेला आहे. दोन्ही गावं आपापला मान सांगतात. मला त्या वादात रस नाही. एका माणसाने डोंगरांची मांडणी पाहून थंडीचं ठिकाण ओळखलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

याच खोऱ्यात त्याने एक आवाज ऐकला. पन्नास अंशांच्या खाली श्वास सोडला की त्यातली वाफ तिथल्या तिथे गोठते आणि बर्फाचे ते कण एकमेकांवर घासून बारीक सळसळ होते. साखा लोक तिला ताऱ्यांची कुजबुज म्हणतात.

अशा थंडीत सगळा डोंगर हिमनद्यांनी भरलेला असेल असं कोणालाही वाटेल. तसं नाही. हिमनद्या आहेत, पोबेदाच्या आसपास बुओर्दाख भागात काही बऱ्यापैकी मोठ्याही आहेत, पण इतक्या थंड आणि इतक्या उत्तरेच्या पर्वताच्या मानाने त्या फारच थोड्या. कारण हिमनदीला थंडी पुरत नाही, बर्फ पडावा लागतो, आणि इथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून खोऱ्यात जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाणी उतरतं. समुद्राची ओल डोंगर ओलांडून इथवर पोहोचतच नाही. हिमयुगातही असंच होतं. युरोपवर आणि उत्तर अमेरिकेवर किलोमीटरभर जाडीची बर्फाची चादर असताना ईशान्य सायबेरियाच्या सखल भागांत ती नव्हती. डोंगरांवर हिमनद्या वाढल्या, खाली मात्र गवताळ माळ राहिले आणि त्यांवर मॅमथ, घोडे, गवे चरत होते. चेर्स्की ज्या हाडांच्या मागे आला ती इथे शिल्लक राहिली, ती या कोरड्या थंडीमुळे. हे दोन धागे एकत्र आले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

बर्फ वरून कमी पडतो, तो खालून येतो. हे वाक्य विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगते. हिवाळ्यात नदी वरून गोठत जाते, तळाची जमीन तर बारा महिने गोठलेलीच. मधल्या पाण्याला जागा कमी पडत जाते, दाब वाढतो, आणि एका क्षणी ते बर्फ फोडून वर येतं, पसरतं आणि गोठतं. पुन्हा दाब, पुन्हा फूट, पुन्हा नवा थर. हिवाळाभर हे चालू राहून दरीच्या तळात कित्येक मीटर जाडीचं बर्फाचं पठार तयार होतं. साखा लोक त्याला तारीन म्हणतात. मोमा नदीवरचं उलाखान-तारीन जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, सुमारे २५ किलोमीटर लांब. उपग्रहाच्या जुलैतल्या चित्रात हिरव्या दरीच्या मधोमध तो पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. त्याच्यावर झाड उगवत नाही. पण डासांनी हैराण झालेले रेनडिअर उन्हाळ्यात त्याच बर्फावर येऊन उभे राहतात.

झाडं म्हणाल तर मुख्य लार्च. हा सूचिपर्णी असूनही शरद ऋतूत पिवळा होतो आणि सुया गाळून टाकतो. मुळं खोल जाऊच शकत नाहीत, कारण उन्हाळ्यात वितळते ती जमिनीची वरची हात-दीड हात जाडी. तेवढ्यात अन्न, तेवढ्यात आधार. मनगटाएवढं खोड शंभर वर्षांचं असू शकतं. त्याच्या वरच्या उतारांवर बुटका पाइन, झाडाहून झुडपासारखा. थंडी सुरू होते तशा त्याच्या फांद्या जमिनीकडे झुकून आडव्या पडतात, बर्फ त्यांना पांघरून घेतो. वसंतात त्या पुन्हा उभ्या राहतात. दलदलीत सायबेरियन सॅलमँडर असतो, बोटभर लांबीचा उभयचर. शून्याखाली ३५ अंशांपर्यंत गोठूनही तो मरत नाही. शरीरात ग्लिसरॉल साठवतो आणि बर्फ वितळला की चालू लागतो. इथे जगणाऱ्या प्रत्येकाने थंडीशी आपापला करार केलेला आहे.

दगडांची गोष्टही तितकीच मोठी. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीपासून कोलिमाकडचा भूभाग सायबेरियाच्या जुन्या खंडाच्या कडेवर येऊन दाबला गेला. मधल्या समुद्रात साठलेले गाळाचे जाड थर घड्या पडून वर आले. शाळेत शिकलो ते वली पर्वत. घड्यांत खालून ग्रॅनाइट घुसला, भेगांत क्वार्ट्‌झ आणि त्याच्यासोबत सोनं.

आजही ही जागा स्वस्थ नाही. आर्क्टिक महासागराच्या तळावरून गाक्केल कटक, म्हणजे पाण्याखालची डोंगररांग, येते, जिथे युरेशियाचा आणि उत्तर अमेरिकेचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात. ती सीमा लाप्तेव समुद्रातून जमिनीवर चढते आणि चेर्स्की रांगेतून दक्षिणेला जाते. या दोन भूपट्टांच्या हालचालीचा आस इथूनच जवळ आहे. दोरीवर कपडे अडकवायचा चिमटा घ्या: एक टोक दाबलं की दुसरं उघडतं. तसंच इथे आसाच्या उत्तरेला समुद्राचा तळ उघडतो आहे आणि दक्षिणेला डोंगर दाबले जात आहेत. म्हणून अधूनमधून भूकंप होतात. मे १९७१ मध्ये रांगेच्या दक्षिण भागात आर्तिकजवळ मोठा झाला. मोमाच्या खोऱ्यात बालागान-तास नावाचा ज्वालामुखीचा शंकूही आहे, गोठलेल्या जमिनीतून उठलेला. आशिया खंडाच्या नकाशावर रंगवलेली ही जमीन भूगर्भाच्या हिशोबाने अर्धी उत्तर अमेरिकेची आहे.

आणि सोनं. याबद्दल थोडक्यात सांगते, कारण जास्त लिहिण्याचा माझा अधिकार नाही. १९२८ मध्ये युरी बिलिबिनची मोहीम ओखोत्स्कच्या किनाऱ्यावर उतरली आणि कोलिमाच्या वरच्या खोऱ्यात मोठे साठे सापडले. १९३१ मध्ये सोव्हिएत सरकारने दालस्त्रोय ही यंत्रणा उभी केली आणि पुढची दोन दशकं लाखो कैदी या भागात आणले गेले. खाणी त्यांनी खणल्या, रस्ता त्यांनी बांधला. याकुत्स्कच्या समोरच्या तीरापासून मागादानपर्यंत दोन हजार किलोमीटरचा तो रस्ता आजही त्या भागाचा एकमेव रस्ता आहे, आणि त्याला हाडांचा रस्ता म्हणतात. किती माणसं त्याच्या कडेला गाडली गेली, याचा पुरा हिशोब कोणीच ठेवला नाही. १५ कोटी वर्षांपूर्वीची धडक, क्वार्ट्‌झच्या भेगा, नदीच्या वाळूतले कण, आणि तिथून कैद्यांच्या बराकी. भूगोलाची साखळी इतकी सरळ इथवर येते हे मला सहन होत नाही, पण ती सोडून या रांगेबद्दल लिहिणं खोटं ठरलं असतं.

चेर्स्कीच्या वेळी आणि ओब्रुचेवच्या वेळी एक गोष्ट गृहीत होती: जमीन गोठलेली आहे आणि तशीच राहील. २० जून २०२० रोजी वेर्खोयान्स्कमध्ये ३८ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. जागतिक हवामान संघटनेने पुढच्या वर्षी त्याला आर्क्टिक प्रदेशातलं सर्वोच्च तापमान म्हणून मान्यता दिली. तिथले उन्हाळे पूर्वीही उष्ण असत, खंडाच्या आतल्या भागाचा तो स्वभावच आहे. पण या तापमानाला लागून महिनेच्या महिने असाधारण ऊब होती, जंगलं पेटली होती.

वेर्खोयान्स्कजवळ बातागाय नावाचं गाव आहे, चेर्स्की रांगेच्या पायथ्याच्या टेकड्यांत. १९६० च्या दशकात तिथला जंगलाचा एक तुकडा तोडला गेला. सावली गेली, जमिनीतला बर्फ वितळू लागला, उतार खचला. तो खड्डा थांबलाच नाही. आज त्याची लांबी किलोमीटरभर आहे, कडा पन्नास मीटरहून उंच आहेत, आणि वरची कड दरवर्षी मागे सरकते आहे. कड्यांच्या भिंतींत गोठलेल्या मातीचे थर उघडे पडले आहेत. तळाकडचे थर सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वीचे असल्याचं अभ्यासातून पुढे आलं. २०१८ साली तिथे एक शिंगरू सापडलं, सुमारे ४२ हजार वर्षांपूर्वीचं, अंगावरच्या केसांसकट. चेर्स्की आयुष्यभर ज्या घोड्यांच्या सुट्या हाडांवरून अंदाज बांधत होता, त्यांतला एक पुरा घोडा. तो अभ्यासायला मिळाला याचा आनंद मी नाकारणार नाही, आणि तो कशामुळे बाहेर आला हेही विसरू शकत नाही. त्या भिंतीत अजून काय आहे हे कोणाला ठाऊक नाही. बर्फ वितळायला लागला की गावकरी आणि संशोधक दोघंही खाली उतरतात, आणि कड कोसळायच्या आत हाती लागेल तेवढं उचलून वर आणतात.